माणकाच्या स्फटिकाला सममिती-केंद्र आहे, मग त्यातला क्रोमियम प्रकाश शोषतो कसा?

गारगोटी

माणिक म्हणजे क्रोमियम मिसळलेलं कोरंडम (ॲल्युमिनियम ऑक्साइड). कोरंडमचा स्पेस ग्रुप, म्हणजे अणुरचनेच्या सममितीचा गट, आर-३-बार-सी, म्हणजे केंद्रसममित. लॅपोर्टचा नियम म्हणतो की केंद्र असेल तर डी-डी संक्रमण (एका डी ऑर्बिटलमधून दुसऱ्यात इलेक्ट्रॉनची उडी) निषिद्ध, कारण दोन्ही डी ऑर्बिटल 'सम' आणि विद्युत द्विध्रुव 'विषम'. सम × विषम × सम याचं इंटिग्रल शून्य. तरीही ०.०५ टक्के क्रोमियम ऑक्साइड घातलं की कोरंडम गुलाबी होतो आणि टक्क्याच्या आसपास गेला की चांगला लाल. पाठ्यपुस्तकं 'जाळीच्या कंपनांमुळे नियम शिथिल होतो' असं एका ओळीत सांगून पुढे जातात. माणकाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण पुरेसं आहे का?

दुसरं, एम.एस्सी.च्या वर्गाला हे मोजून दाखवायचं आहे. व्हर्नोई पद्धतीच्या (ज्योतीत पावडर वितळवून वाढवलेल्या) कृत्रिम माणकाची कांडी आहे, साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, पोलरॉइडची फिल्म आहे. कुठून सुरुवात करावी?

वर्णपट

आधी गल्लत दूर करू. केंद्र स्फटिकाला आहे, क्रोमियमच्या जागेला नाही. निवड-नियमाला स्पेस ग्रुपशी थेट देणंघेणं नसतं. आयन ज्या बिंदूवर बसलाय त्या बिंदूची सममिती काय, एवढंच तो विचारतो.

कोरंडममध्ये हे फार सुंदर दिसतं. सी अक्षावरून (स्फटिकाच्या मुख्य अक्षावरून) वर जाताना ऑक्सिजनच्या अष्टफलकांची रांग लागते: दोन भरलेली, एक रिकामं, दोन भरलेली, एक रिकामं. सममिती-केंद्र पडतं ते रिकाम्या अष्टफलकाच्या मध्यावर. भरलेल्या जोडीचा एक फलक सामाईक असतो. त्यातले दोन धन-आयन एकमेकांना ढकलतात आणि दोघंही सामाईक फलकापासून दूर, रिकाम्या अष्टफलकाकडे सरकतात. म्हणून ॲल्युमिनियमचे सहाच्या सहा बंध सारखे नसतात. सामाईक फलकाकडचे तीन सुमारे १.९७ अँगस्ट्रॉम, पलीकडचे तीन १.८६. या जागेवर उरतो फक्त तीन-पदरी अक्ष, म्हणजे सी-३. क्रोमियम ॲल्युमिनियमच्या जागी बसतो तेव्हा हा एकांगीपणा त्याला आयताच मिळतो. या विषम क्षेत्रामुळे डी ऑर्बिटलमध्ये विषम पॅरिटीच्या (सम-विषमपणातल्या 'विषम' बाजूच्या) स्थितींची थोडी भेसळ होते आणि संक्रमणाला तेवढी वाट मिळते.

कंपनांचा वाटा नसतो असं नाही, पण माणकात तो मुख्य धरू नका.

ध्रुवण

वर्णपट यांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. ऑसिलेटर स्ट्रेंग्थच्या (संक्रमण किती जोराचं, या मापाच्या) ढोबळ पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. स्पिन बदलत नाही पण जागेला केंद्र आहे, फक्त कंपनांचा आधार: साधारण १०⁻⁵ ते १०⁻⁴. अष्टफलक पण केंद्र हललेलं: १०⁻⁴ किंवा थोडं वर. चतुष्फलक, जिथे केंद्र मुळातच नाही: १०⁻³. स्पिन बदलावा लागतो तिथे १०⁻⁷ च्या आसपास.

आता तुमच्या कांडीचा हिशेब. ०.०५ टक्के वजनी क्रोमियम ऑक्साइड म्हणजे घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १.५८ × १०¹⁹ क्रोमियम आयन. हिरव्या पट्ट्यात, ५५० नॅनोमीटरच्या आसपास, शोषण-गुणांक (नैसर्गिक लॉगॅरिदमच्या पायाने) २ ते ३ प्रति सेंमी येतो. ५ मिमी जाडीला ॲब्सॉर्बन्स ०.५ ते ०.६. अगदी सोयीचा. पण दागिन्यांसाठी बनवलेल्या गडद कांड्यांत क्रोमियम याच्या कितीतरी पट असतं. एक टक्का असेल तर गुणांक ५० प्रति सेंमीच्या घरात जातो आणि एक मिमीची चकतीसुद्धा २ च्या वर ॲब्सॉर्बन्स देते. तिथे साधी यंत्रं भरकटलेल्या प्रकाशामुळे खोटं सांगायला लागतात. चकती ०.३ मिमीपर्यंत घासा. आधी जाड तुकड्यावर मोजून अंदाज घ्या, मग घासा. उलटं करता येत नाही.

पॉलिशसाठी सिलिकॉन कार्बाइड ४००, ६००, १००० या क्रमाने, पण कोरंडमवर ते फार हळू कापतं. शेवटचे टप्पे डायमंड पेस्टचे: ६, ३, १ मायक्रॉन. दोन्ही बाजू समांतर हव्यात, नाहीतर किरण डिटेक्टरवरून सरकतो आणि बेसलाइन तिरकी येते.

परावर्तनाची वजाबाकी विसरू नका. अपवर्तनांक १.७६ म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावर ७.६ टक्के प्रकाश परत. दोन्ही पृष्ठभाग आणि आतली परावर्तनं धरून शोषण शून्य असलं तरी ८६ टक्केच पार जातो. ०.०६६ ॲब्सॉर्बन्स फुकटचा मिळतो. तो न वजा करता काढलेला गुणांक पातळ चकतीत फारच चुकतो.

गारगोटी

दोघांचेही आभार. जागेची सममिती सी-३, इतपत समजलं. पण मग ध्रुवित प्रकाशात काय दिसायला हवं ते आधीच सांगता येईल का? वर्गात नुसतं 'फरक दिसतो' म्हणण्यापेक्षा भाकीत करून तपासायला आवडेल.

वर्णपट

येतं, आणि माणिक त्यासाठीच उत्तम आहे. सी-३ ऐवजी त्याच्या जवळचा, थोडा जास्त सममित गट सी-३-व्ही घ्या. अष्टफलकातल्या स्थिती (ए, ई, टी ही त्यांच्या सममितीच्या जातींची नावं) त्यात अशा फुटतात: तळस्थिती ए-२ तशीच ए-२ राहते. टी-२ (हिरवट-पिवळा पट्टा, ५५० च्या आसपास) फुटून ए-१ आणि ई होते. टी-१ (जांभळा पट्टा, ४०० ते ४१०) फुटून ए-२ आणि ई होते.

द्विध्रुवाचा झेड घटक, म्हणजे सी अक्षाला समांतर, ए-१ जातीचा. एक्स-वाय घटक, म्हणजे काटकोनातला, ई जातीचा. आता गुणाकार:

टी-२ पट्ट्यात ए-२ × ए-१ = ए-२. हे झेडशी जुळत नाही. ए-२ × ई = ई, हे एक्स-वायशी जुळतं. म्हणजे ५५० चा पट्टा फक्त काटकोनातल्या प्रकाशात यायला हवा.

टी-१ पट्ट्यात ए-२ × ए-२ = ए-१, झेडशी जुळतं. ए-२ × ई = ई, एक्स-वायशी जुळतं. म्हणजे जांभळा पट्टा दोन्हीकडे.

मोजल्यावर सी अक्षाला समांतर ५५० चा पट्टा पूर्ण नाहीसा होत नाही, पण काटकोनातल्यापेक्षा स्पष्टपणे दुबळा असतो, ढोबळमानाने निम्मा. कारण खरी सममिती सी-३ आहे. आरशाचं प्रतल नसल्यामुळे ए-१ आणि ए-२ यांतला भेद पुसला जातो आणि बंद दार किलकिलं होतं. कंपनंही थोडी भर घालतात. डोळ्यांनाही हे दिसतं: काटकोनात जांभळट लाल, समांतर दिशेत नारिंगी लाल. विद्यार्थ्यांना आधी गुणाकार करायला लावा, मग पोलरॉइड फिरवा.

ध्रुवण

प्रत्यक्ष मोजणीतले खड्डे सांगतो, कारण इथेच बहुतेक प्रयोग बिघडतात.

पोलरॉइड स्थिर ठेवा, स्फटिक फिरवा. यंत्रातली ग्रेटिंग स्वतःच प्रकाश अंशतः ध्रुवित करते आणि ते प्रमाण तरंगलांबीनुसार बदलतं. पोलरॉइड फिरवलं की यंत्राचा हा पक्षपात स्फटिकाच्या माथी येतो. बेसलाइनही पोलरॉइड जागेवर ठेवूनच घ्यायची.

चकती अशी कापा की सी अक्ष चकतीच्या प्रतलात येईल. अक्षाला आडवी कापलेली चकती या प्रयोगाला निरुपयोगी, तिच्यात दोन्ही ध्रुवणांना एकच वर्णपट दिसतो. व्हर्नोईच्या कांडीत सी अक्ष कांडीच्या लांबीला समांतर असेलच असं धरू नका. क्रॉस्ड पोलरॉइडमध्ये (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइडमध्ये) चकती फिरवून पूर्ण काळोखाची स्थिती शोधा आणि तिथे खूण करा.

ही खूण किती अचूक हवी ते हिशेबाने बघा. समजा एका दिशेत ॲब्सॉर्बन्स २, दुसरीत ०.२. पाच अंश चुकलात तर दुसऱ्या दिशेचा ०.७६ टक्के प्रकाश गळून येतो. थोडाच वाटतो, पण तो जवळजवळ न अडता पार जातो. डिटेक्टरला २ ऐवजी १.८३ दिसतं. बेरीज पारगमनाची होते, ॲब्सॉर्बन्सची नाही, हे इथे नेमकं चावतं. काळोख एक अंशाच्या आत पकडा.

फिल्मचं पोलरॉइड ७५०-८०० नॅनोमीटरच्या पुढे ध्रुवण करणं सोडून देतं. माणकाला ते चालेल. लोहासाठी अवरक्तात जायचं असेल तर कॅल्साइटचा ग्लान-थॉम्पसन प्रिझमच लागतो.

खाणपट्टा

वाघोलीच्या खाणींतल्या कॅव्हनसाइटचं काय? तो निळा रंगही असाच डी-डी आहे ना? ध्रुवित प्रकाशात फिरवताना तो एकदा रंगीत दिसतो, एकदा जवळपास काहीच रंग नाही, असा बदलतो. व्हॅनेडियम तर एकच डी इलेक्ट्रॉन घेऊन बसलाय.

वर्णपट

हो, डी-डीच. आणि सममितीच्या दृष्टीने माणकापेक्षा बोधप्रद, कारण इथे काहीही न मोजता बरंच ठरवता येतं.

कॅव्हनसाइट म्हणजे कॅल्शियम व्हॅनेडियम सिलिकेट, पाण्याचे चार रेणू. व्हॅनेडियम (४+) एका ऑक्सिजनला अगदी आखूड बंधाने, सुमारे १.६ अँगस्ट्रॉमवर, धरून असतो. बाकी चार ऑक्सिजन खाली चौकोनात, २ अँगस्ट्रॉमच्या जवळ. याला व्हॅनेडिल म्हणतात.

स्पेस ग्रुप पीएनएमए. एका युनिट सेलमध्ये सूत्राची चार एककं, म्हणून चार व्हॅनेडियम. या गटात चार-चारच्या जागा तीनच: दोन सममिती-केंद्रावरच्या, एक आरशाच्या प्रतलावरची. व्हॅनेडिल एकतर्फी असल्याने केंद्रावर बसूच शकत नाही. राहिली आरशावरची जागा. आणि आखूड बंध आरशाच्या बाहेर गेला तर प्रतिबिंब म्हणून दुसरा आखूड बंध यावा लागेल, तो नाही. म्हणून सगळे व्हॅनेडिल बंध आरशाच्या प्रतलातच झोपलेले असले पाहिजेत, म्हणजे बी अक्षाला काटकोनात.

आता व्हॅनेडिलचा निवड-नियम. सी-४-व्ही मध्ये (चौकोनी पिरॅमिडच्या सममितीत) इलेक्ट्रॉन बी-२ स्थितीत असतो. तिथून ई स्थितीकडे जायला बी-२ × ई = ई, म्हणजे व्हॅनेडिल अक्षाला काटकोनातल्या प्रकाशात परवानगी. बी-१ कडे जायला गुणाकार ए-२ येतो आणि ए-१ कडे जायला बी-२. दोन्ही द्विध्रुवाच्या कुठल्याच घटकाशी जुळत नाहीत. पाण्यातल्या व्हॅनेडिलचा ७६० नॅनोमीटरचा पट्टा पहिल्या जातीचा आणि ६२५ च्या आसपासचा खांदा दुसऱ्या. स्फटिकात अंतरं बदलतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण लाल आणि जवळचा अवरक्त भाग शोषला जाऊन निळा उरतो, ही मांडणी तीच.

कॅव्हनसाइटच्या तीन प्रकाशीय दिशांपैकी एकीत गडद निळा आणि उरलेल्या दोन्हींत जवळजवळ रंगहीन दिसतो तो याच एकतर्फीपणामुळे. पुण्याच्या हिरव्या ॲपोफिलाइटमध्येही रंगाचं मूळ व्हॅनेडिलच आहे, फक्त प्रमाण अत्यल्प.

खाणपट्टा

हा केंद्रावर बसूच शकत नाही वाला युक्तिवाद फार आवडला. सुया मोजायच्या झाल्या तर?

ध्रुवण

सुई पारदर्शक इपॉक्सीत आडवी बसवा, तीही गरम न करता जमणारी. कॅनडा बाल्सम वितळवून लावू नका, हे पाणीधारी खनिज आहे, उष्णतेने पाणी सोडतं आणि व्हॅनेडियमच्या आजूबाजूची रचनाच बदलते. कठीणपणा ३-४ एवढाच, त्यामुळे ०.३ मायक्रॉन ॲल्युमिना पुरे, दाब हलका. सुयांचे गोंडे फुटलेले असतात. एकच सुई आहे याची क्रॉस्ड पोलरॉइडमध्ये खात्री करा. संपूर्ण सुई एकाच कोनात काळी झाली पाहिजे. अर्धी आधी आणि अर्धी नंतर काळी होत असेल तर ती दोन आहेत.

मोजणी सूक्ष्मदर्शकातून, लहान छिद्र ठेवून. सुईच्या कडेने एक टक्का प्रकाश जरी निसटला तरी ॲब्सॉर्बन्स २ च्या वर जाणारच नाही.

चौकोनी

म्हणजे थोडक्यात नियम असा का, की चतुष्फलकात केंद्र नाही म्हणून रंग नेहमी गडद? कोबाल्टचा निळा स्पिनेल आणि सिलिका जेलचा निळा-गुलाबी बदल दोन्ही त्यात बसतात.

वर्णपट

कोबाल्टपुरतं बरोबर. चतुष्फलकातला कोबाल्ट ५४० ते ६३० मध्ये जोरदार शोषतो आणि निळा दिसतो. सहा पाण्यांमधला कोबाल्ट ५१० च्या आसपास दुबळा शोषतो आणि फिका गुलाबी. द्रावणात क्लोराइडच्या चतुष्फलकाचा मोलर शोषण-गुणांक काहीशे, पाण्याच्या अष्टफलकाचा दहाच्या खाली.

पण 'नेहमी' नाही. विलेमाइटमध्ये मँगनीज (२+) चतुष्फलकातच बसतो आणि ती पावडर पांढरी असते. पाच डी इलेक्ट्रॉन, पाचही एकाच दिशेने. कुठल्याही डी-डी उडीसाठी स्पिन बदलणं भाग. पॅरिटीचं दार उघडं असून स्पिनचं दार बंद. दोन्ही दारं स्वतंत्रपणे तपासायची.

आणि नीलम, म्हणजे निळा सफायर, या चर्चेत घालू नका. तिथे लोहाकडून टायटॅनियमकडे इलेक्ट्रॉन जातो, ते डी-डी नाहीच. म्हणूनच टक्क्याचे काही शतांश पुरतात.

गारगोटी

कंपनं की स्थिर विषम क्षेत्र, हे प्रयोगाने वेगळं करता येतं का?

ध्रुवण

तापमानाने. कंपनांवर अवलंबून असलेल्या पट्ट्याचं क्षेत्रफळ हायपरबोलिक कोटँजंटच्या नियमाने घटतं. २०० प्रति सेंमीचं विषम कंपन धरा: ३०० केल्व्हिनला गुणक २.२४, ७७ केल्व्हिनला १.०५. म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये क्षेत्रफळ निम्म्याहून थोडं कमी. स्थिर विषम क्षेत्र असेल तर क्षेत्रफळ जवळपास तेच.

क्षेत्रफळच मोजा, शिखराची उंची नाही. थंडीत पट्टा अरुंद होतो, त्यामुळे शोषण कमी होत असतानाही शिखर तेवढंच किंवा उंच दिसू शकतं. आलेख तरंगलांबीत नको, तरंगसंख्येत काढा. आणि क्रायोस्टॅटच्या (नमुना थंड ठेवणाऱ्या भांड्याच्या) खिडकीवर दव धरलं तर सगळी बेसलाइन वर जाते. आतली पोकळी नीट काढा आणि बाहेरून कोरडा नायट्रोजन सोडत राहा.

वर्णपट

एकाच स्फटिकात दोन्ही बघायचं असेल तर अलेक्झांड्राइट, म्हणजे क्रोमियम असलेलं क्रायसोबेरिल. क्रायसोबेरिलमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन जागा आहेत: एक केंद्रावर, एक आरशाच्या प्रतलावर. क्रोमियम बहुतांशी, सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक, आरशावरच्या जागेत जातो. दिव्याखाली लाल आणि उन्हात हिरवा दिसणारा रंग आणि ७०० ते ८२० नॅनोमीटरमध्ये जुळवता येणारा लेझर, दोन्हींची मदार त्याच जागेवर. केंद्रावर बसलेला क्रोमियम तिथे असतो, पण त्याचं शोषण फार दुबळं.

रेषांच्या बाबतीत मॅग्नेशियम ऑक्साइड बघा. त्यातल्या पूर्ण घनाकृती जागेतल्या क्रोमियमची आर-रेषा (स्पिन बदलणारी अरुंद लाल रेषा) ६९८ नॅनोमीटरला, आणि ती विद्युत नव्हे तर चुंबकीय द्विध्रुवाची. आयुर्मान ११-१२ मिलिसेकंद. माणकात विद्युत द्विध्रुवाला वाट मिळाल्याने ते ३-४ मिलिसेकंदांवर येतं.

दुर्बीण

खगोलाच्या बाजूने एक भर. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या एम-थ्री उपकरणाने मॉस्कोव्हिएन्स खोऱ्यात स्पिनेल ओळखला तो याच तत्त्वावर. २ मायक्रॉनला ठळक शोषण, १ मायक्रॉनला जवळपास काहीच नाही. स्पिनेलमधला लोह (२+) चतुष्फलकात असतो, तिथे केंद्र नाही. अष्टफलकातली जागा केंद्रसममित, तिथला थोडासा लोह १ मायक्रॉनला उठून दिसत नाही. पायरॉक्सीनमध्ये मात्र एम-२ नावाच्या वेड्यावाकड्या जागेतला लोह १ आणि २ मायक्रॉन दोन्हीकडे ठसठशीत दिसतो. वर्णपटावरून खनिजाची टक्केवारी काढताना हे विसरलं तर चुकीच्या जागेतल्या लोहाला जास्त वजन मिळतं.

गारगोटी

काल पहिलं मापन झालं. ५५० आणि ४०८ चे पट्टे आले, काटकोन-समांतर फरकही अपेक्षेप्रमाणे. पण ६९४ ला शोषणाची रेषा यायला हवी तिथे उलटा खड्डा आला, ॲब्सॉर्बन्स बेसलाइनच्याही खाली. हे फायबरच्या स्पेक्ट्रोमीटरवर, स्लिट १.५ नॅनोमीटर.

ध्रुवण

ते माणकाचं स्वतःचं प्रतिदीपन आहे. फायबरच्या यंत्रात पांढरा प्रकाश आधी स्फटिकात जातो. हिरवा भाग शोषून क्रोमियम ६९४ ला प्रकाश टाकतो, आणि तो थेट डिटेक्टरमध्ये जातो. दिव्यापुढे ६५० च्या वरचाच प्रकाश सोडणारं लाल फिल्टर लावा. हिरवा-जांभळा प्रकाश स्फटिकापर्यंत गेलाच नाही तर खड्डा भरून येईल. शिवाय स्फटिक आणि फायबरमधलं अंतर वाढवा. पार जाणारा किरण सरळ येतो, प्रतिदीपन सगळीकडे पसरतं.

तरीही दोन रेषा वेगळ्या दिसणार नाहीत. आर-१ ६९४.३ ला, आर-२ ६९२.९ ला, अंतर १.४ नॅनोमीटर, आणि खोलीच्या तापमानाला प्रत्येकीची रुंदी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास. ०.२ किंवा त्याहून अरुंद बँडविड्थ लागेल. ही रेषा स्पिन बदलणारी आहे, म्हणून पातळ चकतीत ती जवळजवळ हरवते. तिच्यासाठी फिक्या कांडीचा एक सेंटिमीटर लांब तुकडा वेगळा ठेवा, पट्ट्यांसाठी पातळ चकती वेगळी.